स्कूटर एकाची, वेग दोघांचा

डाइव्ह बोटीवर कोणी पिशवीतून डायव्हरला पाण्याखाली ओढून नेणारी स्कूटर बाहेर काढली की बाकीच्यांच्या नजरा तिकडे वळतात, आणि त्या सगळ्याच कौतुकाच्या नसतात. कॅमेरा घेऊन आलेल्याच्या मनात येतं, आता हा सगळे मासे पळवणार. गाइडला काळजी लागते, हा माणूस माझ्या नजरेबाहेर जाणार. जुना डायव्हर मनात म्हणतो, धडधाकट पाय आहेत, पोहायला काय झालं? आणि स्कूटरवाल्याला वाटतं, या मंडळींनी एकदा चालवून तरी बघावी. चौघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पूर्वी हा वाद मूठभर लोकांपुरता होता, कारण स्कूटर परवडणारेच मूठभर होते. आता स्वस्त आणि हलकी यंत्रं कुणालाही मिळू लागली आहेत आणि वाद गुहांमधून, थंड पाण्यातून निघून थेट सुट्टीच्या बोटींवर आला आहे. ती वापरण्याची रीत मात्र त्या वेगानं आलेली नाही. स्कूटर चांगली की वाईट यापेक्षा मला ही दरी जास्त महत्त्वाची वाटते.

यंत्र तसं साधं आहे. एक नळकांडं, त्यात बॅटरी, मागे मोटर आणि पिंजऱ्यात बसवलेला पंखा. डायव्हरच्या हार्नेसचा एक पट्टा दोन पायांमधून जातो, त्यावर एक कडी असते आणि स्कूटरची दोरी त्या कडीला अडकवलेली असते. सगळी ओढ पट्ट्यावर येते, हातावर नाही. उजवा हात ट्रिगर दाबतो आणि दिशा देतो, डावा मोकळा राहतो. फिन मारत जाणारा डायव्हर मिनिटाला साधारण १५ ते २० मीटर अंतर कापतो. चांगली स्कूटर त्याच मिनिटात ४५ ते ७० मीटर नेते, आणि दम लागत नसल्यामुळे हवाही कमी खर्च होते. आकर्षण यात आहे, आणि धोकाही यातच.

तिची सुरुवात मौजेसाठी झाली नाही. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या नौदलानं दोन माणसांनी स्वार होऊन चालवायचे संथ टॉर्पेडो बनवले. १९ डिसेंबर १९४१च्या पहाटे असे तीन टॉर्पेडो आणि सहा माणसं अलेक्झांड्रिया बंदरात शिरली आणि त्यांनी ‘क्वीन एलिझाबेथ’ आणि ‘व्हॅलिअंट’ या दोन ब्रिटिश युद्धनौका निकामी केल्या. युद्धानंतर हीच कल्पना आकारानं लहान होऊन हौशी लोकांकडे आली. कूस्तो आणि लुई माल यांच्या ‘ल मोंद द्यु सिलांस’ या १९५६च्या माहितीपटात स्कूटरवरून तरंगत जाणारे डायव्हर जगानं पाहिले आणि त्या वर्षीचा कान चित्रपट महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार त्या चित्रपटाला मिळाला. १९६५च्या ‘थंडरबॉल’ या चित्रपटानं तर पाण्याखाली यंत्रांवर बसून लढाईच दाखवली. कूस्तोच्या त्याच चित्रपटात मासे मोजण्यासाठी प्रवाळात सुरुंग लावलेला दिसतो आणि एक डायव्हर समुद्री कासवाला धरून फरपटत जाताना दिसतो. तेव्हा यात कुणाला फारसं वावगं वाटलं नाही. आज कासवाला हात लावणाऱ्याला बोटीवर कुणी जवळ बसू देणार नाही. पाण्याखाली काय शोभतं आणि काय नाही, याची समज पिढीगणिक बदलत आली आहे. स्कूटरबद्दलची समज अजून घडते आहे.

ती सर्वात आधी आणि सर्वात कठोरपणे घडली उत्तर फ्लोरिडाच्या गुहांमध्ये. तिथला प्रदेश चुनखडीचा. जमिनीखाली पाण्यानं भरलेले बोगदे मैलोगणती पसरलेले आहेत आणि झऱ्यांच्या तोंडातून डायव्हर आत शिरतात. वर छत असतं, त्यामुळे काही बिघडलं तर वर निघून जाण्याची सोय नाही. आल्या वाटेनंच परत फिरावं लागतं. शेक एक्स्ली या गुहा-डायव्हरनं अपघातांचा अभ्यास करून १९७९मध्ये एक छोटं पुस्तक लिहिलं. मार्गदर्शक दोरी सोडू नये, हवेचा एक तृतीयांश आत जायला, एक तृतीयांश बाहेर यायला आणि एक तृतीयांश अडचणीसाठी राखावा, हे नियम गुहा-डायव्हरांच्या अंगवळणी पडले ते अशा लिखाणातून. नियमांमागे माणसांचे जीव गेलेले होते, म्हणून त्यांच्याबद्दल कुणी हुज्जत घालत नसे.

स्कूटर आली आणि तिनं या तृतीयांशाच्या हिशेबाची वाट लावली. हे आकड्यांत पाहिलं की अंगावर काटा येतो. समजा एक डायव्हर मिनिटाला ४५ मीटर वेगानं २० मिनिटं आत गेला. अंतर झालं ९०० मीटर. हवेचा बरोबर एक तृतीयांश संपला आणि नियमाप्रमाणे तो वळला. त्याच क्षणी स्कूटर बंद पडली. आता पोहत बाहेर यायचं, मिनिटाला १५ मीटर, म्हणजे ६० मिनिटं. उरलेली दोन तृतीयांश हवा त्याच श्वासाच्या गतीनं ४० मिनिटं पुरेल. प्रत्यक्षात तेवढीही पुरणार नाही, कारण आता तो मेहनतीनं पोहतो आहे, मेलेली स्कूटर मागे ओढतो आहे आणि घाबरलेलाही आहे. त्यानं एकही नियम मोडलेला नाही आणि तरी तो वीस मिनिटं कमी पडला आहे.

म्हणून गुहेतल्या लोकांनी स्कूटरसाठी वेगळं गणित मांडलं. जितकं पोहून परत येता येईल तितकंच आत जायचं. त्यापलीकडे जायचं तर जादा स्कूटर सोबत ओढत न्यायची, किंवा वाटेत हवेचे सिलिंडर ठेवत जायचं, किंवा जोडीदाराची स्कूटर दोघांना ओढून आणेल एवढी हवा आणि बॅटरी राखायची. बॅटरीलाही हवेसारखंच मोजायचं. आणि एकाची स्कूटर बंद पडली की त्या क्षणी सगळ्यांचीच डाइव्ह संपली. ‘तू थांब, मी जरा पुढे बघून येतो’ हे वाक्य तिथे नाही. कोणत्याही डायव्हरनं कोणत्याही क्षणी, कारण न देता डाइव्ह थांबवावी आणि त्याला कुणी जाब विचारू नये, हा गुहा-डायव्हिंगचा जुना दंडक आहे. स्कूटरच्या बाबतीत तो आणखी कडक झाला, कारण स्कूटरवर असताना माणसाला थांबावंसं वाटत नाही.

या शिस्तीनं काय साधलं याचं उदाहरण फ्लोरिडातल्याच वकुला स्प्रिंग्जच्या परिसरातलं. तिथे वुडव्हिल कार्स्ट प्लेन प्रोजेक्ट या गटानं वर्षानुवर्षं स्कूटरनं गुहांचं मोजमाप केलं. डिसेंबर २००७मध्ये जॅरड जॅब्लॉन्स्की आणि केसी मॅकिन्ली हे दोघे टर्नर सिंक नावाच्या विवरातून आत शिरले आणि सुमारे ११ किलोमीटर अंतर पाण्याखालून कापून वकुलाच्या झऱ्यातून बाहेर निघाले. खोली सुमारे ९० मीटर. प्रवासाला साधारण सात तास लागले आणि नंतर शरीरात विरघळलेला वायू हळूहळू बाहेर पडावा म्हणून जवळपास चौदा तास ठरावीक खोलींवर थांबत वर यावं लागलं. हे अंतर पोहून कापणं कुणालाही शक्य नाही. स्कूटरशिवाय तो नकाशा तयारच झाला नसता. ‘स्कूटर म्हणजे श्रीमंतांचं खेळणं’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. आणि ‘बघा, स्कूटरनं काय काय होतं’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की त्या दोघांच्या मागे एक मोठा गट, वाटेत मांडलेले सिलिंडर आणि कित्येक वर्षांची पूर्वतयारी होती.

जोडीनं स्कूटर चालवण्याचे बारकावे याच पाण्यात ठरले. सर्वात हळू स्कूटर ज्याची, त्याचा वेग सगळ्यांचा. जुन्या स्कूटर्सच्या पंख्याची पाती हातानं फिरवून त्यांचा कोन कमीजास्त करता येई. जोडीतले दोघे पाण्यात उतरण्यापूर्वी आपापली पाती जुळवून घेत, म्हणजे एकाला ट्रिगर सोडून सोडून चालावं लागू नये आणि दुसऱ्याला पाठीमागे धापा टाकाव्या लागू नयेत. आता हे काम वेगाच्या इलेक्ट्रॉनिक पायऱ्यांनी होतं, पण जुळवणं तेच. जागेचंही तसंच. एकमेकांच्या मागे नाही, शेजारी राहायचं. मागे राहिलं की पुढच्याच्या पंख्याचं पाणी तोंडावर येतं, मास्क हलतो आणि मुख्य म्हणजे पुढच्याला आपण दिसत नाही. शेजारी असलं की टॉर्चचा झोत जोडीदाराच्या नजरेच्या टप्प्यात राहतो. झोतानं सावकाश गोल काढला की ठीक, भराभर आडवा हलवला की थांब. झोत दिसेनासा झाला की ट्रिगर सोडायचा आणि वळून बघायचं. मिनिटाला साठ मीटर वेगानं जाताना अर्धा मिनिट मागे न बघणं म्हणजे जोडीदार तीस मीटर मागे राहिलेला असणं, आणि गढूळ पाण्यात तीस मीटर म्हणजे तो हरवलाच.

दुसऱ्या गटाशी गाठ पडली तर बाहेर निघणाऱ्यांना वाट द्यायची, कारण त्यांची हवा कमी उरलेली असते. पोहत जाणाऱ्यांजवळून जाताना ट्रिगर सोडून, फिन मारत किंवा वाहत्या गतीनं पुढे सरकायचं. पंख्याचा झोत तळाच्या मातीवर पडणार नाही असा कोन ठेवायचा. तळाचा गाळ एकदा उठला की मागून येणाऱ्याला हातातली दोरीसुद्धा दिसत नाही. अरुंद जागा आली की स्कूटर अलीकडेच अडकवून ठेवायची. मार्गदर्शक दोरी पंख्यात ओढली गेली तर स्वतःची वाट तर जातेच, मागच्यांचीही जाते. शिष्टाचार आणि जीव वाचवणं या दोन गोष्टी इथे वेगळ्या करताच येत नाहीत, आणि म्हणूनच गुहेतला शिष्टाचार टिकला.

खुल्या समुद्रात चित्र बदलतं. कॅलिफोर्नियात कार्मेलच्या दक्षिणेला पॉइंट लोबोस नावाचं राखीव क्षेत्र आहे. पाणी थंड, तळाशी खडकांचे सुळके आणि तळापासून पृष्ठभागापर्यंत उभं वाढलेलं केल्प या समुद्री शैवालाचं जंगल. तिथे रोज किती जोड्या उतरणार यावर मर्यादा आहे, आरक्षण करावं लागतं. व्हेलर्स कोव्ह या छोट्या खाडीतून पाण्यात शिरायचं आणि बाहेरचे सुळके गाठायचे, तर पोहणाऱ्याची बरीच हवा जाण्यायेण्यातच संपते. त्यामुळे तिथल्या मुरलेल्या डायव्हरांमध्ये स्कूटर हे चैनीचं नव्हे, कामाचं साधन समजलं जातं. पण केल्पनं तिथल्या लोकांना स्वतःची रीत शिकवली आहे. केल्पची लांब, चामड्यासारखी चिवट पानं पंख्यानं खेचली की क्षणात आसाभोवती गुंडाळली जातात आणि मोटर अडते. ती सोडवायची तर थांबावं लागतं, स्कूटर लॉक करावी लागते, जोडीदाराला खूण करावी लागते आणि मग बोटांनी एकेक पट्टी सोडवावी लागते. हे एकदा झालं की माणूस आपोआप केल्पच्या दाटीबाहेरून वळसा घेऊ लागतो. जंगलाचंही बरं, यंत्राचंही. सील आणि समुद्री ऑटर तिथे सगळीकडे असतात आणि अमेरिकेत १९७२च्या कायद्यानं सागरी सस्तन प्राण्यांना त्रास देणं हा गुन्हा आहे. स्कूटरवरून सीलचा पाठलाग करणं त्यात सहज बसतं. सील स्वतः जवळ आला तर ट्रिगर सोडून स्थिर राहायचं, एवढं तिथे पुरेसं मानतात.

प्राण्यांच्या बाबतीत मी ठाम आहे. पोहणाऱ्या डायव्हरपासून कासव सहज दूर जातं, कारण ते त्याच्यापेक्षा वेगवान आहे. हा वेगातला फरक म्हणजे प्राण्याचं एकमेव संरक्षण. स्कूटर नेमकी तीच गोष्ट काढून घेते. कासवाला श्वासासाठी वर जावं लागतं आणि तेव्हा मागे लागणं हा निव्वळ छळ आहे. मोटरच्या आवाजाची भर वेगळीच. पाण्यात आवाज हवेपेक्षा चारपटीहून जास्त वेगानं जातो, त्यामुळे स्कूटर दिसण्याच्या कितीतरी आधी ती मासळीला कळलेली असते. छायाचित्रकारांची तक्रार याच मुद्द्यावर आहे आणि ती खरी आहे. वीस मिनिटं एका बिळासमोर श्वास रोखल्यासारखा बसलेला माणूस आणि त्याच्या डोक्यावरून घोंगावत गेलेली स्कूटर, यात चूक कुणाची हे ठरवायला पंच लागत नाही.

दुसऱ्या बाजूचंही एक सांगायला हवं. प्रवाळाला डायव्हरांकडून बसणारे बहुतेक धक्के फिनांचे असतात, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. स्कूटरवरचा कुशल डायव्हर फिन हलवतच नाही आणि प्रवाळापासून दोन-तीन मीटर वरून जातो. अशा माणसाकडून प्रवाळाला पोहणाऱ्या नवशिक्यापेक्षा कमी इजा होते. अट ‘कुशल’ या शब्दाची. पाण्यात स्वतःला तरंगत, आडवं आणि स्थिर ठेवणं ज्याला जमत नाही, त्याच्या हातात स्कूटर दिली तर तो तेवढाच अस्थिर राहतो, फक्त जास्त वेगानं.

गाइडसोबतच्या डाइव्हमध्ये साधा नियम पुरतो. स्कूटर आणायची असेल तर आधी विचारायचं. बोटीवर चढल्यावर विचारणं म्हणजे न विचारणंच. गाइडनं नाही म्हटलं तर नाही. त्याच्या गटात आठ माणसं असतील आणि त्यांतला एकच यंत्रावर असेल, तर सात जणांची डाइव्ह त्या एकाला शोधण्यात जाते. सगळ्यांकडे स्कूटर असलेला गट वेगळा काढणं हा जास्त प्रामाणिक मार्ग आहे आणि काही डाइव्ह केंद्रं तसं करतातही. प्रवाह असेल तर आधी प्रवाहाविरुद्ध जायचं, म्हणजे बॅटरी संपली तरी पाणी परत बोटीकडे आणतं. यात नवं काही नाही, पोहणारेही तेच करतात. पण स्कूटरवाला हे विसरतो, कारण प्रवाहाचा जोर त्याच्या अंगाला जाणवतच नाही.

आता त्या मोकळ्या डाव्या हाताकडे येतो. गेल्या काही वर्षांत बाजारात आलेल्या छोट्या, दोन मुठींच्या स्कूटर्स मुळात पोहणाऱ्यांसाठी आणि स्नॉर्कलिंगसाठी बनवलेल्या. वजन तीन-चार किलो, पाठपिशवीत मावतात. त्यांतल्या अनेकींवर ४० मीटरपर्यंत चालतील असं लिहिलेलं असतं आणि ते वाचून लोक त्या स्कूबाला घेऊन येतात. या यंत्रांची ओढ सगळी हातांवर येते आणि दोन्ही हात अडकतात. खोली वाढताना नाक चिमटीत धरून कान मोकळे करायचे, जॅकेटमध्ये हवा घ्यायची किंवा सोडायची, दाबमापक बघायचा, जोडीदाराला खूण करायची: या सगळ्याला हात लागतो. एक मूठ सोडली की यंत्र वाकडं जातं, म्हणून माणूस सोडत नाही, आणि कान दुखेपर्यंत खाली जातो. बनावट वाईट आहे असं नाही. ती ज्या कामाची आहे त्या कामाला उत्तम आहे. मात्र डब्यावर खोलीचा आकडा छापणाऱ्यांनी हातांबद्दलही चार ओळी छापायला हव्या होत्या.

वर येण्याबद्दल तर एकच मत आहे. मिनिटाला ९ मीटर हा आज सर्रास मानला जाणारा सावकाश वेग. स्कूटर वर तोंड करून ट्रिगर दाबला तर दहा मीटर खोलीवरून माणूस दहा-बारा सेकंदांत पृष्ठभागावर येतो. श्वास अडला असेल तर फुप्फुसं फाटायला तेवढा वेळ पुष्कळ झाला. त्यामुळे खोली बदलायला स्कूटर वापरायची नाही, ती आडव्या अंतरासाठी आहे. उंचसखल तळावरून जाताना नकळत वर-खाली होत राहणं हाही याच चुकीचा सौम्य प्रकार. ट्रिगर चिकटला तर काय, हेही पाण्यात उतरण्यापूर्वी माहीत हवं. दोरीला बांधलेली स्कूटर चालू राहिली की माणसाला गोल फिरवते. तेव्हा तिला दोन्ही हातांनी धरून नाक पृष्ठभागापासून आणि जोडीदारापासून दूर वळवायचं, लोंबणाऱ्या नळ्या सावरायच्या आणि त्या बनावटीचा जो बंद करण्याचा दुसरा मार्ग असेल तो वापरायचा. तो मार्ग कोणता, हे दुकानातून घेतानाच शिकून घ्यावं. म्हणूनच मध्येच स्कूटरची अदलाबदल, ‘जरा माझी चालवून बघ’, हा प्रकार मला पटत नाही. दोरीची लांबी एकाच्या मापाची असते, तरंगण्याचं वजन त्या पाण्याला जुळवलेलं असतं आणि घेणाऱ्याला बंद कशी करायची ते ठाऊक नसतं. त्यासाठी वेगळी, उथळ पाण्यातली डाइव्ह करावी.

बोटीवरची रीत थोडक्यात: खलाशाच्या हाती स्कूटर देण्यापूर्वी ती लॉक करायची, कारण ओल्या हातातून घेताना ट्रिगर दाबला जाणं सोपं आहे आणि पंख्याजवळ त्याची बोटं असतात. मोठी स्कूटर वीस किलोच्या पुढे जाते, ती डेकवर कुठे ठेवायची ते कप्तान सांगेल.

चार्जिंगचा मात्र विषय थोडक्यात उरकण्यासारखा नाही. २ सप्टेंबर २०१९च्या पहाटे कॅलिफोर्नियाच्या सांताक्रूझ बेटाजवळ ‘कन्सेप्शन’ ही डाइव्ह बोट जळाली आणि खाली झोपलेले ३४ जण गेले. आग नेमकी कशानं लागली हे चौकशीत निश्चित झालं नाही, पण बॅटऱ्यांच्या चार्जिंगची शक्यता चर्चेत राहिली आणि रात्री पहाऱ्यावर माणूस नव्हता यावर ठपका आला. तेव्हापासून लिथियम बॅटरी कुणाच्या देखरेखीशिवाय चार्जिंगला लावणं हा अनेक बोटींवर अक्षम्य गुन्हा मानला जातो, आणि मानलाच पाहिजे. स्कूटरची बॅटरी ही बोटीवरच्या मोठ्या बॅटऱ्यांपैकी एक असते. ती कुठे, केव्हा आणि कुणाच्या नजरेसमोर लावायची हे विचारणं स्कूटरवाल्याचं काम आहे. दुसऱ्यानं आठवण करून द्यायची वेळ येऊ नये.

विमानप्रवासाचे नियमही यातच येतात. १०० वॉट-तासांपर्यंतची लिथियम बॅटरी सोबतच्या सामानात चालते, १०० ते १६०पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते आणि त्यापुढची प्रवाशाला नेता येत नाही. डाइव्ह एक्स्ट्राजच्या ब्लॅकटिपसारख्या स्कूटर्स लोकप्रिय झाल्या त्याचं एक कारण हेच. त्यांत ड्रिल मशीनच्या, सुताराकडे असतात तशा, बाजारात मिळणाऱ्या बॅटऱ्या बसतात. १८ व्होल्ट आणि ५ अँपिअर-तासांची बॅटरी ९० वॉट-तासांची होते, म्हणजे मर्यादेच्या आत. एरवी लाखोंच्या घरातलं यंत्र या युक्तीनं पुष्कळ जणांच्या आवाक्यात आलं आणि प्रवासातही नेता येऊ लागलं.

राहिला आळसाचा आरोप. तो मला सर्वात अन्यायाचा वाटतो. अमेरिकेत १९८१पासून हँडिकॅप्ड स्कूबा असोसिएशन ही संस्था अपंग डायव्हरांना शिकवण्याचं काम करते आहे. कमरेखाली बळ नसलेल्या माणसाला स्कूटर मिळाली की तो जोडीदाराच्या बरोबरीनं, त्याच्या मागे न राहता, पाण्यात फिरू शकतो. गुडघे गेलेल्या साठीतल्या डायव्हरलाही हेच लागू. आणि धडधाकट माणसाबाबतही खोल पाण्यात दमछाक होणं ही फुशारकीची गोष्ट नाही. तिथे श्वास घेणंच जड असतं, दमलेल्या शरीरात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि डोकं चालेनासं होतं. थंड पाण्यात मात्र स्कूटरवर न हलता बसलेला माणूस लवकर गारठतो, हेही तितकंच खरं. आळशी कोण हे पायांवरून ठरत नाही. पोहून परत येण्याचा सराव स्कूटरवाल्यानं सोडला असेल, तर तो आळस. स्कूटर घेण्यापूर्वी उत्तम पोहता आलं पाहिजे, हा जुन्या प्रशिक्षकांचा आग्रह म्हणूनच योग्य आहे.

नियम कसे यावेत याबद्दल दोन मतं आहेत. एक म्हणतं, सरळ बंदी घाला. मालदीवच्या बा अटॉलमधल्या हनिफारू उपसागरात मांटा रे मोठ्या संख्येनं खायला जमतात. तिथे स्कूबालाच मनाई आहे, फक्त स्नॉर्कलिंग चालतं. अशा नाजूक जागी मला बंदी पटते. सरसकट बंदी मात्र पटत नाही, कारण ती चांगल्या आणि बेपर्वा डायव्हरला एकाच मापानं मोजते. दुसरं मत प्रशिक्षणाचं. बहुतेक मोठ्या संस्थांचे स्कूटरचे स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत, काही एक-दोन डाइव्हचे, काही कित्येक दिवसांचे. एक-दोन डाइव्हमध्ये ट्रिगर दाबायला येतो. स्कूटर बंद पडलेल्या जोडीदाराला ओढून आणायला येईलच असं नाही. माझ्या दृष्टीनं प्रमाणपत्राची कसोटी हीच असावी. ओढणारा पुढे, ओढला जाणारा त्याच्या हार्नेसची मागची कडी धरून, त्याची मेलेली स्कूटर मागे लटकलेली, आणि दोघे एकाच खोलीवर, हवा तपासत, दोनशे मीटर. हे जमलं की बाकीचं बरंच काही आपोआप जमलेलं असतं.

आपल्याकडे मालवण-तारकर्लीत हा प्रश्न अजून उंबरठ्यावर आहे. तिथे येणारे बहुतेक लोक पहिल्यांदाच पाण्यात उतरलेले पर्यटक, प्रत्येकामागे त्याला धरून नेणारा प्रशिक्षक. त्या डाइव्हमध्ये स्कूटरला जागाच नाही आणि नसावी. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७चं आहे, पाणी बहुतेक दिवस गढूळ असतं आणि तळाशी तुटलेली जाळी आणि दोर ठिकठिकाणी पडलेले असतात. पंख्यात जाळं गुंतलं तर केल्पसारखं बोटांनी सुटत नाही, कापावं लागतं, म्हणून धारदार कटर हाताशी असल्याशिवाय इथे स्कूटर काढूच नये. आता निवती रॉकजवळ नौदलातून निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही नौका समुद्रतळी ठेवून तिथे डाइव्हिंगचं केंद्र करण्याची योजना राज्यानं हाती घेतली आहे. बुडालेलं जहाज म्हटलं की अनुभवी डायव्हर येणार, त्यांच्यासोबत स्कूटर येणार, आणि एक दिवस कुणीतरी ती जहाजाच्या आत नेऊ पाहणार. जहाजाच्या आत म्हणजे डोक्यावर छत, गंजाची पूड, लोंबणाऱ्या तारा. फ्लोरिडाचं ते गणित तिथे जसंच्या तसं लागू होईल. जहाजाच्या आत शिरताना स्कूटर बाहेर बांधून ठेवायची, पर्यटकांच्या डाइव्हच्या वेळा आणि स्कूटरच्या वेळा वेगळ्या ठेवायच्या, बोटीवर चार्जिंग करायचं नाही: एवढं तरी पहिला डायव्हर उतरण्यापूर्वी लिहून फलकावर लागलेलं असावं. तारकर्लीच्या स्कूबा प्रशिक्षण संस्थेकडे सरावाचा तलाव आहे. बाहेरून स्कूटर घेऊन येणाऱ्या जोडीला आधी त्या तलावात उतरवून एकानं दुसऱ्याला ओढून दाखवायला सांगितलं, तर अर्ध्या तासात कळेल की त्यांना समुद्रात सोडायचं की नाही.